नुसते ओठ हलव

मास्तर लाळेरी शिवत होते. शनिवारची सकाळ, दुसऱ्या दिवशी आमच्या घरची उपकारस्तुती, मांडववाले बांबू टाकून गेलेले, मसाल्याचे कांदे भाजायचे राहिलेले, आणि आमचे हे ओसरीवर मशीन मांडून पांढऱ्या मलमलीची तिकोनी फडकी कापत बसलेले. मानेमागं बांधायला नाड्या, कडेला बारीक दुमड, पुढं छातीवर लोंबणारं टोक. एक झालं की दुसरं घ्यायचे.

मी म्हटलं, "अहो, पोरगीला अजून अवकाश आहे. आणि इतकी कशाला? तिला काय एकदम चार पोरं होणार आहेत?"

मास्तर हसले, पण पायडल थांबवलं नाही. "लागतील," म्हणाले. "एक धुवायला टाकलं की दुसरं पाहिजे."

आमची प्रिस्का पहिलटकरीण, बाळंतपणाला माहेरी आलेली. आजोबा होणारा माणूस हौसेनं लाळेरी शिवतोय, यात मला काही वावगं दिसलं नाही. उलट कौतुक वाटलं. फक्त ती जरा मोठी वाटत होती. मी तसं बोलूनही दाखवलं, की हे काय बाळाच्या मापाचं नाही, तुमची नजर गेली आता. त्यांनी पुढचं फडकं सुईखाली सरकवलं. मी कांदे भाजायला आत गेले.

हनोख भिंगारदिवे हे त्यांचं नाव, पण शिंपीकाम करायचे म्हणून सारी टाकळवाडी त्यांना मास्तर म्हणायची, आणि लग्न होऊन आले तशी मीही मास्तरच म्हणू लागले. आमच्या गावात ख्रिस्ती घरं बरीच. माळावर दगडी चर्च आहे, त्याला आम्ही सगळे देऊळच म्हणतो. त्या देवळातल्या भजनी मंडळाचे मास्तर पुढारी. पेटी त्यांची, चाली त्यांच्या आणि पहिली ओळ कायम त्यांच्याच गळ्यातून उठायची. त्यांनी ओळ टाकली की मागून मंडळ ती झेलायचं. आसपासच्या गावांत लग्न असो की मयत, मास्तरांना बोलावणं ठरलेलं. आवाज असा होता की म्हातारी माणसं भजन संपल्यावरही डोळे उघडायची नाहीत.

आणि मी ठार बेसूर. लग्नानंतर पहिल्याच वर्षी मोठ्या हौसेनं मंडळात जाऊन बसले. दुसऱ्या कडव्याला मास्तर वाजवता वाजवता माझ्याकडं वाकले आणि हळूच म्हणाले, "सलोमी, तू आपली नुसते ओठ हलव." मला इतका राग आला की त्या संध्याकाळी मी चूल पेटवली नाही. पण खोटं कशाला बोलू, पुढं सारा जन्म मी तेच केलं. देवळात उभी राहायची आणि ओठ हलवायची. शेजारच्या बायकांना वाटायचं, सलोमीबाई काय तल्लीन होते.

त्या उपकारस्तुतीच्या आधीच्या नाताळात मास्तरांचा आवाज बसला. सर्दी असेल म्हणून हळद-दूध झालं, मध झाला, ज्येष्ठमध झाला. ईस्टरआधीचे दुखवट्याचे दिवस आले तरी आवाज उघडेना, उलट घास गिळताना त्यांचे डोळे आपोआप मिटायला लागले. मग जिल्ह्याच्या गावी मिशनच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी घशातला तुकडा काढून तपासला आणि आम्हाला दोघांना समोर बसवून सांगितलं. गाठ आहे, कॅन्सरची आहे. स्वरयंत्र काढून टाकलं तर जीव वाचेल, पण आवाज कायमचा जाईल, आणि श्वास गळ्याला ठेवलेल्या भोकातून घ्यावा लागेल. सूज उतरायची औषधं दिली आणि ऑपरेशनला उशीर करू नका म्हणाले.

बाहेर आल्यावर मास्तरांनी मला फक्त एवढंच विचारलं, की शेवटची एसटी कधी आहे. वाटेत मी सारखी रडत होते. ते खिडकीबाहेर बघत गुणगुणत होते आणि मध्येच आवाज फाटला की थांबत होते.

ऑपरेशनचं ते आज-उद्या करत राहिले. तेवढ्यात गावात प्रार्थनासभा लागल्या. दयासागर बंधू नावाचे, गावोगाव फिरून उपदेश करणारे सुवार्तिक आले होते. तरुण माणूस, बोलणं तळमळीचं. त्यांनी मास्तरांच्या गळ्यावर हात ठेवून प्रार्थना केली. करता करता त्यांना घाम फुटला, सदरा भिजला. आणि आठवड्याभरात मास्तरांचा आवाज उघडला. सभेच्या शेवटच्या दिवशी त्यांनी पहिली ओळ टाकली, तेव्हा बायका पदर तोंडाला लावून रडल्या. प्रभूनं हात लावला, बरं केलं, यात कुणाला शंका राहिली नाही. मला तर मुळीच नाही.

आमच्यात रीत अशी. आजारातून कुणी उठलं, मूल झालं, नोकरी लागली, की त्या घरानं देवळात उपकारस्तुती करायची. आपल्या ऐपतीप्रमाणं जे असेल ते वेदीपुढच्या मेजावर आणून ठेवायचं. कुणी कोंबडा आणतं, कुणी भोपळा, कुणी पायलीभर बाजरी. कशाबद्दल उपकार मानायचे ते आमचे धर्मगुरू पाळकसाहेब सगळ्यांना सांगतात, आणि भक्ती संपली की अंगणात त्या वस्तूंचा लिलाव होतो. नियम एकच, पण कडक. मेजावर ठेवलेली वस्तू ज्याची त्यानं उचलून घरी न्यायची नाही. ती देवाची झाली.

आमची उपकारस्तुती मंडळानंच ठरवली. ढोलकीवाले बर्नबा पारखे, मास्तरांचे लहानपणापासूनचे सोबती, घरोघर आमंत्रणं देऊन आले. मास्तर म्हणायचे, कशाला एवढी घाई. मला वाटलं, लाजतात. गुरुवारी ते दोरा आणि अस्तर आणायला म्हणून जिल्ह्याला गेले आणि मलमल घेऊन आले. शनिवारी लाळेरी शिवली. हे सगळं मी बघत होते आणि मला काही म्हणता काही दिसत नव्हतं.

रविवारी देऊळ गच्च भरलं. पाहुणे, सोयरे, शेजारच्या गावची मंडळी. दयासागर बंधू मुद्दाम आले होते, त्यांना पुढं खुर्ची दिली होती. मेजावर माझे दोन कोंबडे पाय बांधून ठेवलेले, शेजारी इतरांनी आनंदानं आणलेले नारळ, वांग्यांची पाटी, एक लुगडं. मी नवं पातळ नेसले होते आणि साऱ्या देवळानं ते बघावं असं मला वाटत होतं. पाळक उजागरे साहेब उठले आणि म्हणाले, की प्रभूनं आपले बंधू हनोख यांना असाध्य आजारातून बरं केलं, म्हणून हे कुटुंब आज उपकारस्तुती करत आहे. सगळ्यांनी आमेन म्हटलं. माझा आमेन सगळ्यांत मोठा होता.

मग मास्तर पेटीशी बसले. त्यांनी नवं भजन काढलं, कुणीच ऐकलेलं नव्हतं. चालही नवी. "दार उघड, नको उघडू, मी दारीच उभा." बर्नबांनी ढोलकीवर अंदाज घेत घेत ठेका धरला. मंडळाला ओळ झेलता येईना, तेव्हा मास्तर एकटेच गायले. मी त्यांचं गाणं इतकी वर्षं ऐकलं होतं, पण ते असं कधी गायले नव्हते. घाई नाही, हरकती नाहीत, एकेक अक्षर नीट जागेवर ठेवून दिल्यासारखं. शेवटची ओळ त्यांनी तीनदा घेतली. मग भाता बंद केला, पेटीला झाकण लावलं, खिळ्या सरकवल्या, पेटी दोन्ही हातांनी उचलली आणि चालत जाऊन मेजावर, माझ्या कोंबड्यांच्या शेजारी ठेवली.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मोठं दान केलं असं वाटलं सगळ्यांना. पण पेटी देऊन टाकायचं आमचं काही ठरलं नव्हतं.

मास्तर तिथंच, मेजापाशी, लोकांकडं तोंड करून उभे राहिले.

"पाळकसाहेब, मंडळी," ते म्हणाले, "मी बरा झालेलो नाही."

देवळात इतकी शांतता झाली की कोंबड्यांची फडफड ऐकू यायला लागली.

"गुरुवारी डॉक्टरांकडं जाऊन आलो. औषधानं सूज उतरली होती, म्हणून आवाज उघडला. गाठ आहे तिथंच आहे, वाढली आहे. मंगळवारी माझं ऑपरेशन आहे. त्यानंतर मला बोलता यायचं नाही, गाता यायचं नाही. तुमची चूक नाही. मलाही तसंच वाटलं होतं."

दयासागर बंधू खुर्चीतून उठले. "बंधू, असं बोलू नका," ते म्हणाले. "तोंडानं आजार कबूल केला की आलेला आशीर्वाद परत जातो. विश्वास सोडू नका."

"विश्वास सोडला नाही, म्हणून तर इथं उभा आहे," मास्तर म्हणाले. "तुम्ही मनापासून मागितलंत. मी तुमचा घाम बघितलाय. देवानं नाही म्हटलं, त्याला तुम्ही काय करणार आणि मी तरी काय करणार." मग त्यांनी पेटीवर हात ठेवला. "माझी उपकारस्तुती बरं केलं म्हणून नाही. इतकी वर्षं आवाज दिला होता, म्हणून आहे. ती आवाज आहे तोवर करावी, एवढंच माझ्या मनात होतं."

ते येऊन जागेवर बसले. माझ्या शेजारी. मला त्यांच्याकडं बघता येईना. मनात एकच गोष्ट सारखी फिरत होती. माझ्या नवऱ्याच्या जिवाची बातमी मला साऱ्या गावाच्या बरोबरीनं कळली होती, आणि मी नवं पातळ नेसून बसले होते.

मागून कुणी तरी बाई बोललीच, की विश्वासात कुठं तरी कमी पडले असतील. काही लोक तिथूनच उठून गेले. पाळकसाहेबांनी कशीबशी शेवटची प्रार्थना केली. त्यांनाही शब्द सापडत नव्हते आणि त्यांनी ते लपवलं नाही, याबद्दल मी त्यांना आजही मानते.

मी थेट मांडवाच्या मागं स्वयंपाकाकडं गेले. मटणाची दोन पातेली शिजून तयार होती. मी पळी घेऊन ढवळत राहिले, खरं तर ढवळायचं काही कारण नव्हतं. बायका जवळ येत होत्या आणि माझं तोंड बघून परत जात होत्या.

अंगणात लिलाव सुरू झाला. तो नेहमी बर्नबा करायचे आणि हसवून हसवून लोकांचे खिसे मोकळे करायचे. त्या दिवशी त्यांनी कोंबडे विकले, नारळ विकले, लुगडं विकलं, आणि एकदाही कुणी हसलं नाही. मग त्यांचा आवाज ऐकू आला, "पेटी." थोडा वेळ गेला. "मास्तरांची पेटी. बोला."

गावातलं कुणीच बोललं नाही. कोण बोलणार? पण तालुक्याचा एक बँडवाला पाहुणा आला होता, त्याला काही ठाऊक नव्हतं, तो उशिरा पोचला होता. त्यानं चांगली बोली लावली. बर्नबांनी इकडंतिकडं बघितलं. नियम तर नियम. "एक वार," ते म्हणाले, आणि त्यांना पुढचं म्हणवेना.

मी पळी हातात घेऊनच अंगणात गेले. कानातली सोन्याची फुलं काढली, माहेरची होती, आणि टेबलावर ठेवली. "ही माझी बोली," म्हटलं.

पाहुण्यानं माझ्याकडं बघितलं, मग फुलांकडं, आणि तो मुकाट्यानं मागं सरकला. बर्नबा हळूच म्हणाले, "वहिनी, आपलीच वस्तू परत न्यायची न्हाई, तुमाला ठावं हाये."

"ठेवली त्यांनी. घेते मी. उचलून नाही नेत, विकत घेतेय. करा लिलाव पुरा."

त्यांनी केला. मास्तर मांडवाच्या खांबाला टेकून हे सगळं बघत होते. मी पेटी उचलायला गेले तेव्हा जवळ आले आणि म्हणाले, "सलोमी, आता काय करणार हिचं?"

"सरपण करीन," मी म्हटलं.

निम्म्याहून जास्त लोक न जेवता गेले. दयासागर बंधूही गेले. जाताना त्यांनी मास्तरांचे दोन्ही हात धरले. पाळकसाहेब आणि बर्नबा पानावर बसले. मास्तर बसले आणि मिटल्या डोळ्यांनी एकेक घास गिळत पोटभर जेवले. रस्सा पुन्हा मागून घेतला. मला त्यांना पळी फेकून मारावी की त्यांच्यापाशी बसून रडावं ते कळेना.

घरी आल्यावर मी दार लावलं आणि मनात होतं ते सगळं बोलले. मला का नाही सांगितलंत? माझ्याहून गाव जवळचं झालं का? ते म्हणाले, तुला सांगितलं असतं तर तू सगळं बंद केलं असतंस, आणि मला एकदा पोटभर गायचं होतं. त्यांचं खरं होतं. मी बंद केलं असतं. मग मी जे विचारायचं ते विचारलं.

"देवानं बरं केलं नाही, तर उपकार कसले मानता? त्याला काय कमी होतं तुमच्या गळ्यावाचून? दारूडे बरे होतात, चोर बरे होतात."

मास्तर म्हणाले, "आपली त्याची ओळख काय बरं होण्यापुरतीच होती का गं?"

त्या प्रश्नाचा मला आणखीच राग आला. त्या दिवसापासून मी देवाशी बोलणं बंद केलं. इतरांच्या प्रार्थनेत मान खाली घालायचे, पण डोळे उघडे ठेवायचे.

मंगळवारी ऑपरेशन होतं, म्हणून सोमवारी दवाखान्यात गेलो. मास्तरांना आत नेलं होतं आणि मी व्हरांड्यातल्या बाकावर बसले होते. समोरून एक माणूस चालत आला. सडपातळ, माझ्या भावाच्या वयाचा, हातात पाण्याचा तांब्या. त्याच्या गळ्याशी एक पांढरं तिकोनी फडकं बांधलेलं होतं. नाड्या मानेमागं, कडेला बारीक दुमड, टोक छातीवर. तो श्वास घ्यायचा तेव्हा ते फडकं आत ओढलं जायचं, सोडायचा तेव्हा फुगायचं. तो मला बघून ओळख असल्यासारखा हसला आणि पुढं गेला.

मी पिशवी उघडली. मास्तरांनी कपड्यांची घडी करून स्वतःच भरली होती. सगळ्यात खाली ती लाळेरी होती, इस्त्री केलेली.

मी तिथंच बाकावर बसून राहिले. किती वेळ ते सांगता येणार नाही. नर्सनं दोनदा हाक मारली म्हणे. गुरुवारी ह्या माणसानं इथं असंच कुणाला तरी बघितलं, माप डोळ्यांत धरलं, मलमल घेतली आणि माझ्या समोर, माझी थट्टा ऐकत, आपल्याच गळ्यासाठी शिवत बसला. मला वाटलं होतं, देवळात बोलला तो धीट होता. खरा धीर शनिवारी सकाळी ओसरीवर मशीन चालवत होता आणि मी त्याला म्हटलं होतं, तुमची नजर गेली.

ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला, जसं सांगितलं होतं तसंच. बरेच दिवस नळीतून जेवण. घरी आणलं तेव्हा मास्तर निम्मे झाले होते आणि घर इतकं गप्प झालं होतं की मला माझ्याच बांगड्यांचा त्रास व्हायचा.

आमच्या घरी जेवणाआधी मास्तर मोठ्यानं प्रार्थना म्हणायचे आणि मी आमेन म्हणायची, मग पहिला घास. पहिल्यांदा ते ताटावर बसले तेव्हा त्यांनी डोळे मिटले, हात जोडले आणि ओठ हलवायला लागले. गळ्याचं फडकं आतबाहेर होत होतं. मग ओठ थांबले. डोळे उघडून ते माझ्याकडं बघू लागले. ऐकूच आलं नाही तर आमेन कशाला म्हणू? ते वाट बघत राहिले. भाताची वाफ गेली, वरणावर साय धरली, ताटाला हात लावीनात. शेवटी मी वैतागून म्हटलं, "आमेन. जेवा आता." त्यांनी घास घेतला. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. रोज अन्न थोडं कमी गार व्हायला लागलं, कारण माझा आमेन थोडा लवकर यायला लागला. मग एका दुपारी माझ्या लक्षात आलं, की मी त्यांच्या ओठांवरून सगळं वाचते आहे. कुठं प्रिस्काचं नाव आलं, कुठं बर्नबांचं, कुठं दयासागर बंधूंचं. माझं नाव सगळ्यांत आधी होतं. त्या दिवशी आमेन म्हणताना माझा आवाज फुटला आणि मास्तरांनी पाण्याचा तांब्या पुढं केला.

प्रिस्काला मुलगा झाला. त्याच्या बाप्तिस्म्याला मास्तर ऑपरेशननंतर पहिल्यांदा देवळात आले. माझ्या लेकीनं पोराच्या गळ्यात आजोबांचंच एक लाळेरं बांधलं. ते त्याला गुडघ्यापर्यंत आलं. आजोबाच्या गळ्यात एक आणि नातवाच्या गळ्यात एक. हसावं की रडावं हे कुणाला समजेना, मग बर्नबाच आधी हसले, आणि सगळं देऊळ मोकळं झालं.

पेटी मी घेऊन गेले होते. सरपण काही केलं नव्हतं, खाटेखाली चादरीत गुंडाळून ठेवली होती. मास्तरांपुढं नेऊन ठेवली आणि चादर काढली. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "माझी आहे. वाजवायला देतेय."

त्यांनी खिळ्या काढल्या, भाता उघडला आणि वाजवायला सुरुवात केली. तीच चाल. बर्नबांनी या वेळी ठेका बरोबर धरला. पेटी फिरून पहिल्या ओळीशी आली आणि कुणी गायलंच नाही. मंडळातली माणसं सवयीनं थांबली होती. पहिली ओळ कायम मास्तर टाकायचे, मागून झेलायची त्यांना सवय, टाकायची नाही. पेटी पुन्हा फिरून आली. पुन्हा कुणी नाही. बर्नबांनी मान खाली घातली होती, त्यांचा ठेका डळमळायला लागला. आता हा माणूस भाता बंद करणार, हे मला दिसत होतं.

मास्तरांनी मान वर केली, माझ्याकडं बघितलं आणि ओठ हलवले. पहिली ओळ. नुसते ओठ.

मी उभी राहिले आणि गायले. "दार उघड, नको उघडू." दुसऱ्याच शब्दाला माझा सूर घसरला. मला कळलं, सगळ्यांना कळलं. मागं पोरं खुदखुदली. मास्तरांनी डोळे मिटले. तरुणपणी मंडळात मी पहिल्यांदा चुकले तेव्हा मिटले होते तसेच, आणि मला वाटलं, आता बसावं. पण त्यांची बोटं हलली. पेटी एक पट्टी खाली आली, माझ्या सुराच्या खाली येऊन उभी राहिली. मी पुढं पुन्हा घसरले, पेटी पुन्हा माझ्यामागं आली. जिथं मी जाईन तिथं ती येत होती. दुसऱ्या कडव्याला बर्नबांनी ओळ झेलली, मग मंडळानं, मग देवळानं.

मास्तर त्यानंतर बरीच वर्षं जगले. पहिली ओळ तेव्हापासून माझीच. लोक अजूनही माझ्यामागं म्हणतात, की सलोमीबाईंना सूर म्हणून नाही. नाहीच आहे. पण त्यातल्या कितीकांना मला मिळाला तसा पेटीवाला मिळाला, ते त्यांनी सांगावं.